मानाची लंगडी

भात कापून झालं की आमच्या वरच्या वाडीच्या विहिरीजवळचा कुणगा रिकामा पडे. कुणगा म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला भाताचा तुकडा. त्या तुकड्यात एका हंगामात आम्ही बायका लंगडी खेळलो. आधी कधी खेळलो नव्हतो आणि नंतरही खेळलो नाही. आता गावात ती गोष्ट कोणी काढत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून लिहिते.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता माझी मुलगी तापाने गेली. नुकती भिंत धरून चालायला लागली होती. नवरा मुंबईला गोदीत होता, तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो ओसरीवर बसून राहिला आणि रजा संपल्यावर परत गेला. मुलीची झबली सासूबाईंनी कुठे नेऊन ठेवली ते मी विचारलं नाही. भात कापायला मी गेले, झोडायला गेले, पेंढे बांधले. लोक म्हणायचे, दुःखाने ती गप्प झाली. खरं म्हणजे मला दुःखसुद्धा नीटसं कळत नव्हतं. हातपाय काम करत होते आणि मी त्यांच्या मागून चालले होते.

भूक मात्र गेली होती. घास तोंडात फिरत राही, गिळायचा कसा तेच विसरल्यासारखं होई. सासूबाई हे बघत होत्या. माझ्या आधी या घरात माझी थोरली नणंद अशीच सुकली होती. तिचा नवरा गलबतावर होता, तो वादळात गेला, ती माहेरी परतली, मग तिचं जेवण कमी झालं, आणि पुढच्या शिमग्यापर्यंत संपली. सासूबाई कधी त्याबद्दल बोलत नसत. पण माझं ताट उचलताना त्यातला उरलेला भात त्या हाताने चाचपून बघत, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळे.

गावात सरकारने एक ग्रामसेविका नेमली होती. आम्ही तिला बाई म्हणायचो. देशावरची होती, सायकलवर बसायची, पातळाचा पदर खोचून. तिने बिनधुराच्या चुली घालून दिल्या, शोषखड्डे खणून घेतले, देवी टोचून घेतल्या. पण एक गोष्ट तिला जमत नव्हती. आमच्या गावाच्या दोन वाड्या. वरची शेतीवाल्यांची, खालची समुद्राच्या कडेची, मासे धरणाऱ्यांची. वैशाखात खालच्या वाडीतलं पाणी खारट होई. मग तिथल्या बायका घागरी घेऊन आमच्या विहिरीवर येत आणि थोडं लांब उभ्या राहत. आमच्यातली कोणीतरी पाणी ओढून वरून त्यांच्या घागरीत ओतायची. त्यांनी दोराला हात लावायचा नाही. हे कोणी ठरवलं ते ठाऊक नाही. भांडण कधी झालं नाही. तसंच चालत आलं होतं.

बाई विहिरीवर भाषण द्यायला गेली नाही. ती म्हणाली, “बायकांनी संध्याकाळी खेळायचं. दोन्ही वाड्यांनी एकत्र. शरीर मोकळं होतं, मन मोकळं होतं. एकदा एकमेकींत शिवाशिवी सुरू झाली की पुढचं आपोआप होईल.”

बायका हसल्या. मुलांच्या आयांनी लंगडी घालायची! पण माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्या बाईला मागील दारी घेऊन गेल्या आणि मी आत चुलीशी बसले असताना मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, “हिका व्हरा. ही बोलणा नाय, जेवणा नाय. धावान तरी भूक लागता काय बघूया. दिवो लावच्या आदी परत हाडा म्हंजे झाला.”

मी गेले. नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं.

राखेने चौकोन आखला होता. एका बाजूची एकेक जण लंगडत आत येणार, दुसऱ्या बाजूच्या पळणार. लंगडणारीने हात लावला की बाद. दुसरा पाय टेकला की तिचा डाव संपला. पहिल्या दिवशी खालच्या वाडीतली एक तरुण बाई लंगडत आत आली. तिला मी बाजारात मासे विकताना पाहिलं होतं. लांब हाताची, काष्टा घट्ट मारलेली. ती सरळ माझ्याकडे आली आणि मी उभीच.

“पळ गो बाये!” ती एका पायावर नाचत ओरडली. “उबी कित्याक? आरती ववाळू काय तुका?”

सगळ्या हसल्या आणि तिने माझ्या खांद्यावर अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेले. किती महिन्यांनी कोणीतरी मला जोरात हात लावला होता. मुलगी गेल्यापासून सगळे मला हळू, फुंकर घातल्यासारखे शिवत होते.

माझ्या जाऊबाईलाही तिने तसंच बाद केलं. जाऊबाई खांदा चोळत म्हणाली, “हळू गो! मासळेची खवळां काढल्यासारखो खांदो सोललंस माझो.”

“मगे पळाचा. उबो ऱ्हवलेलो मासो मांजराक सुदा गावता.”

“तुझ्या तोंडाक कोण लागात!”

“तोंडाक नको लागा, हाताक लागा. खेळ तोच आसा.”

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि कुळथाची पिठी आणि भात जेवले. परत भात मागितला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून वाढला. शितं मात्र ताटाबाहेर पडली.

मग रोज जाऊ लागले. मला फार आनंद होत होता असं नाही. तिथे एका पायावर उभं राहायचं असतं आणि तेवढं केलं नाही तर पडायला होतं. बाकी काही करायची गरज नसते. तेवढा वेळ मी माझ्या पायांच्या मागून चालत नसे, त्यांच्यावर असे. आणि घरी आलं की भूक लागे. ज्या दिवशी खेळ झाला नाही, कोणाकडे बारसं असलं किंवा बाई गावात नसली, त्या दिवशी घास पुन्हा तोंडात फिरे. हे सासूबाईंना कळलं होतं आणि मलाही. एवढ्याच गोष्टीवर माझं चाललं होतं.

अजून एक सांगायचं राहिलं. खेळून घरी आलं की मागील दारच्या न्हाणीत सासूबाई ऊन पाण्याचं भाणं तयार ठेवत. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचं नाही. वरच्या वाडीतल्या सगळ्या घरांत तसंच होतं. घाम आलाय म्हणून आंघोळ, असं सगळ्या म्हणत. खालच्या वाडीच्या बायकांना शिवलो म्हणून, असं कोणी म्हणत नसे. घामही खरोखर आलेला असे. त्यामुळे आंघोळ कशासाठी होती ते सांगता आलं नसतं. बाईलाही हे ठाऊक होतं. एकदा मला म्हणाली, “तुम्हाला घाम येतो हे माझं नशीब. घाम नसता तर तुम्हाला कारण शोधावं लागलं असतं.”

माघात बाईने सांगितलं की तालुक्याहून साहेब येणार. खेळाने गावाला काय फायदा झाला ते तो बघणार. फायदा दिसला तर कुणग्याच्या मालकाला दुसरी जमीन बघून देऊन इथे कायमचं मैदान होईल, पावसाळा सोडून वर्षभर खेळता येईल. नाही दिसला तर भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, कुणगा परत जाईल आणि बाईलाही दुसरं काम देतील.

मी घरी सासूबाईंना एवढंच सांगितलं की साहेब येणार. त्यांनी बाकीचं जाऊबाईकडून काढून घेतलं.

त्या दिवशी दोन्ही वाड्यांतल्या बायकांनी ठेवणीतली पातळं नेसली. नथी घातल्या. डोक्यात आबोली. बाई आली आणि आमच्या नथींकडे बघत राहिली. बांधावर सगळ्या सासवा येऊन बसल्या होत्या. एरवी त्या कधी खेळ बघायला येत नसत. पण साहेब येणार म्हणजे गावचं कार्य. वरच्या वाडीच्या सासवा एका बांधावर, खालच्या समोरच्या बांधावर. साहेब जीपमधून उतरून चालत आला. वयस्क होता, कॅनव्हासचे बूट होते, कपाळ पुसत होता. त्याला माडाखाली खुर्ची दिली.

बाई म्हणाली, “चला, सुरू करा.”

तेव्हा बांधावरून एका सासूने विचारलं, “पयलो मान कोणाचो?”

“मान?” बाई म्हणाली. “अहो, खेळात मान नसतो.”

“मान नाय असो खेळ खंयचो? पालखेक मान आसा, नारळाक आसा. सायेब इलेहत, आणि मान नाय?”

दुसरी म्हणाली, “खरा आसा. मानकऱ्यांच्या घरच्या वयनीन पयली लंगडी घालूची. मगे बाकीच्यांनी.”

कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. बाईने दोन्ही हात जोडले तरी मानकऱ्यांची थोरली बाई उठली. साठीची, जाड, गुडघे दुखणारी. तिने काष्टा खोचला, देवाचं नाव घेतलं आणि एक पाय उचलून चौकोनात आली. मान वरच्या वाडीचा, म्हणून आम्ही वरच्या वाडीतल्याच आत उभ्या होतो. कोणीच पळेना.

“पळा की!” साहेब खुर्चीतून म्हणाला.

जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटली, “तेंच्या फुडसून पळाचा? उद्या माका घरात घेतीत?”

थोरली बाई एकेकीच्या खांद्याला हात लावत गेली. हळद लावावी तसा. दुसरा पाय मध्येच टेकत होता, ते कोणी मोजलं नाही. आणि जी बाद झाली तिने वाकून तिला नमस्कार केला आणि बाजूला झाली. मीही केला. साहेब हसला. खालच्या बांधावरच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळं फार छान चाललंय असं बांधावर वाटत होतं. बाई तेवढी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

मग खालच्या वाडीचा डाव आला. आम्ही परत आत उभ्या राहिलो आणि ती लांब हाताची लंगडत आली. मला वाटलं, आता तरी खेळ होईल. ती जाऊबाईकडे गेली. जाऊबाई पळाली नाही, कारण वरच्या बांधावर आमच्या सासूबाई आणि सगळ्या बसल्या होत्या आणि नथ घालून पळायचं कसं. ती लांब हाताची तिच्यापाशी पोचली आणि वळली. हात लावला नाही. दुसरीकडे गेली, तिथूनही वळली. रोज खवळां काढणारा तो हात तिने छातीशी धरला होता. वरच्या वाडीच्या सासवांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या सुनांना शिवायचं तिच्याने होईना, आणि ती शिवणार नाही हे दिसल्यावर आमच्यातल्या कोणाला पळायचं कारण उरलं नाही. आम्ही खांबासारख्या उभ्या आणि ती आमच्यामधून लंगडतेय. आबोली गळून पडत होती.

ती माझ्यापाशी आली. तिच्या श्वासाची ऊब लागली. मी तिच्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. तो हात वीतभर पुढे आला आणि मागे गेला. मग ती कुणग्याच्या कडेला जाऊन पाय टेकून उभी राहिली.

साहेबाने विचारलं, “काय हो, शिवत का नाही कोणाला?”

“दम लागलो,” ती म्हणाली.

खेळ थांबला. साहेबाने आम्हाला जवळ बोलावलं. चांगला माणूस होता, आवाज चढवत नव्हता. “मला एवढंच सांगा, या खेळाने तुमच्यात काय फरक पडला?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आधीही साहेब येऊन गेले होते, त्यांना काय सांगायचं ते पाठ होतं. एक म्हणाली, “बिनधुराची चूल घातलंव.” दुसरी म्हणाली, “टोचून घेतलंव.” तिसरी म्हणाली, “शोषखड्डो खणलंव.”

“ते चांगलंच झालं. मी खेळाचं विचारतोय.”

खालच्या बांधावरची एक म्हातारी वैतागली. “खेळाचा काय सांगतलात? खेळ म्हंजे खेळ. मुतूक गेल्याचो फायदो विचारतत काय कोण?”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबही हसला. हसणं थांबल्यावर माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या. त्या कधी परक्या पुरुषाशी बोलल्या नव्हत्या. पदर कपाळापर्यंत ओढून, जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, “आमची सून जेवता.”

“काय म्हणालात?”

“सून जेवता आता.”

साहेबाने बाईकडे पाहिलं. बाई सांगायला पुढे झाली, पण माझ्याकडे बघून थांबली. मी मान खाली घातली होती. मी एक वाक्य बोलले असते तर साहेबाला कळलं असतं की काय, कोण जाणे. मला ते वाक्य तेव्हा सुचलं नव्हतं. आजही पूर्ण सुचत नाही. साहेब समजुतीने म्हणाला, “जेवायला हवंच, आजी. पण आहाराचं काम वेगळं असतं.” सासूबाई खाली बसल्या.

नंतर साहेबाला तहान लागली. विहिरीवर पाणी ओढलं, त्याला तांब्या दिला. आमच्याही सगळ्यांचे घसे सुकले होते. वरच्या वाडीतल्या तांब्याने प्यायल्या आणि खालच्या वाडीतल्या ओंजळ करून वाकल्या, जाऊबाईने वरून पाणी ओतलं. रोज तसंच होत असे. साहेब ते बघत राहिला. जाताना विहिरीपाशी बाईला म्हणाला, “तुमची मेहनत दिसते. पण मी काय सांगू? एक बाजू हलत नाही, दुसरी शिवत नाही. आणि पाणी हे असं.”

“रोज शिवतात हो,” बाई म्हणाली. “आज सासवा आल्यात.”

“सासवा काय उद्या जाणार आहेत?”

साहेबाने जे पाहिलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

शिमग्यानंतर बाईला दुसऱ्या गावात शिवणाच्या वर्गावर पाठवलं. ती आमच्या दारात आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि माझ्या दंडाला चिमटा काढून गेली. कुणग्यात मालकाने पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवून दिलं, तरव्यासाठी भाजणी केली. राखेचा चौकोन काळ्या राखेखाली गेला.

माझी भूक परत गेली. मी काही ठरवून केलं नाही. सासूबाई पुन्हा माझ्या ताटातला भात चाचपू लागल्या. एकदा म्हणाल्या, “आंगणात एकटी तरी घाल गो लंगडी.” मी एकदा घालून पाहिली. मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं. तुळशीपर्यंत जाऊन पाय टेकला.

वैशाख आला. खालच्या वाडीचं पाणी खारट झालं आणि तिथल्या बायका घागरी घेऊन येऊ लागल्या. एका दुपारी पाणी ओढायला मी होते, माझ्यामागे जाऊबाई. लांब हाताची आली आणि नेहमीच्या जागी लांब उभी राहिली. शिमग्यापासून आम्ही बोललो नव्हतो. बोलण्यासारखं काही नव्हतंही. मी कळशी ओढली, कठड्याशी आले, ती घागर घेऊन पुढे झाली. मी ओतू लागले. घागर भरत आली तेव्हा तिने डावा हात घागरीवरून काढला आणि माझ्या मनगटावर सटकन थाप मारली. कळशी हलली, पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

“बाद,” ती म्हणाली.

हसली नाही. घागर डोक्यावर चढवली, चुंबळ सारखी केली आणि उताराने खाली गेली. मनगट चुरचुरत होतं. मी ते बघत होते.

“शिवली मगे तुका?” जाऊबाई मागून म्हणाली. “मुद्दाम शिवली. आता न्हा जावन घराकडे.”

मी माझी घागर भरली आणि घरी आले. जाऊबाई माझ्या आधी पोचली होती, तिने सांगितलं असावं. कारण सासूबाई मागील दारात उभ्या होत्या. न्हाणीत पाण्याचं भाणं भरून ठेवलेलं होतं. ऊन पाण्याची गरज नव्हती त्या दिवसांत, गारच होतं.

“न्हातलंस मां?” त्यांनी विचारलं.

माझी चोळी पाठीला चिकटली होती. मानेवरून धारा चालल्या होत्या. बाईचं बोलणं मला आठवलं, की आठवलं नाही, आता सांगता येत नाही. तोंडातून मात्र आलं, “घाम खंय इलो?”

सासूबाईंनी माझ्या भिजलेल्या चोळीकडे पाहिलं. मग न्हाणीकडे, मग आत चुलीकडे. त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या आणि बाजूला झाल्याशिवाय मला आत जाता येत नव्हतं.

“इलो नाय तर नाय,” त्या म्हणाल्या. आणि बाजूला झाल्या. “बस. पान मांडतंय.”

मी तशीच आत गेले, पाटावर बसले. त्यांनी भात वाढला, वर सोलकढी ओतली. पहिला घास तोंडात थोडा वेळ फिरला. मग गेला.